शांतीबाई म्हाताऱ्यांचे पिक्चर पाहते

शांतीबाई कापगते हिला पोट धरून हसताना पाहायचं असेल, तर तिच्यासमोर प्रेमाचा पिक्चर लावावा लागतो. तरण्या पोरापोरींचा नाही, तसले ती पाहत नाही. साठीतली बाई आणि पासष्टीतला माणूस कुठल्यातरी थंड हवेच्या गावात भेटतात, आधी भांडतात, मग पावसात भिजतात, आणि शेवटी दोघांची मुलं उभी राहून टाळ्या वाजवतात, असा पिक्चर पाहिजे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावात असले पिक्चर तिच्याइतके कोणी पाहिले नसतील. आणि तिच्याइतक्या शिव्या त्यांना अख्ख्या जिल्ह्यात कोणी दिल्या नसतील.

माझं तिच्या घरासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे फॉर्म भरून देतो, दाखले काढून देतो आणि उरलेला वेळ समोरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, काय चाललंय ते पाहतो. पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालं. नागपुरात जे झालं ते तिनं सांगितलं. ती सांगते ते मी खरं धरतो, कारण स्वतःला बरं दाखवण्यासाठीसुद्धा ही बाई खोटं बोलल्याचं मला आठवत नाही.

तिचा नवरा गेला तेव्हा ती छत्तीसची होती आणि मुलगा राहुल आठवीत. चार एकर धान तिनं एकटीनं सांभाळलं. राहुलला शिकवलं, तो नागपुरात कंपनीत लागला, गोंदिया शहरातली डिंपल नावाची मुलगी त्यानं केली. डिंपल घरात हिंदीच बोलते, पण मनाची वाईट नाही. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिनंच सासूला मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला आणि त्यात पिक्चर लावून दिले.

"मम्मी, ये देखो. तुम्हारी उमर की लव स्टोरी है. इतनी क्यूट है ना, मैं तो बहुत रोई."

शांतीबाईनं तो पिक्चर दोन दुपारी लावून पाहिला. तिसऱ्या दुपारी माझ्या दुकानात आली.

"बाबू, हे पिक्चर काढणारे किती वर्साचे असतात?"

"असतील तीस-पस्तीसचे. काऊन?"

"मले वाटलंच. त्यायनं म्हातारं मानूस जवरून पायलं नाही. बाई साठ वर्साची म्हनते, अन् पायऱ्या धावत चढते. एकदाही बसून उठताना 'आई वं' म्हनत नाही."

त्या दिवसापासून तिला हे व्यसन लागलं. एखाद्याला शेजाऱ्याच्या घरात काय वाईट चाललंय ते पाहायची चटक लागते, तसं. एक पिक्चर संपला की दुसरा.

देवचंद सांग्रामे या गोष्टीत आला तो असाच, वाटेवरून. देवचंद आमच्या गावचा पाणकर. म्हणजे गावच्या तलावाचं पाणी कोणत्या शेताला कधी आणि किती सोडायचं ते तो ठरवतो. तलाव त्याच्याच पूर्वजांच्या जातभाईंनी बांधलेला, आणि पाणकरी त्याच्या घरात आजापासून. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी लाखांदूरला दिलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचा, पाटाच्या पाण्याचा मले आवाज येते, डोरे कायले पाह्यजेत? शांतीबाईला तो 'राहुलची माय' म्हणायचा आणि ती त्याला 'पानकर'. त्याहून जास्त ओळख दोघांनी वीस वर्षांत केली नव्हती.

एका दुपारी तो सपरीजवळून जाताना शांतीबाई एकटीच फोनला शिव्या देत होती. तो थांबला. कोणाशी भांडण चाललंय म्हणून विचारलं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, मले दिसत नाही, पन आयकाले लय मजा येऊन राहिली, सांग पुढं. आणि खाटेवर टेकला.

दुसऱ्या दिवशीही आला. मग रोजच येऊ लागला. जेवण झालं, भांडी झाली, की शांतीबाई फोन भिंतीला टेकवून ठेवायची, आणि पडद्यावर जे होईल ते देवचंदला सांगायची.

"आता का करून राहिले?"

"बाई कप धुऊन राहिली."

"मंग?"

"मंग का. तो कर्नल आला. बाईच्या हातचा कप पडला."

"फुटला?"

"फुटला. ह्या बायांच्या हातचं सारं पडते. एकीलेही धड भांडं धरता येत नाही, अन् म्हने प्रेम करते."

"उचललं कोनं?"

"दोघंही वाकले. डोक्याले डोकं लागलं."

"कर्नल किती वर्साचा?"

"सत्तर."

"अन् असा झटकन वाकला?"

"वाकलाही अन् उठलाही. गुडघ्याले हात नाही लावला."

देवचंद निकाल द्यायचा. "लबाड हायेत सारे."

मी काउंटरवर बसून हे ऐकायचो. गिऱ्हाईक आलं तरी हळू बोलायला सांगायचो. खरं सांगतो, त्याआधी मीही असले पिक्चर पाहून डोळे पुसणाऱ्यांपैकी होतो. दोघांनी मिळून माझे सगळे पिक्चर नासवले. त्या पिक्चरांतल्या म्हाताऱ्यांना नुसते पांढरे केस असतात, बाकी काहीच नसतं. गाय नसते, कवळी नसते, लघवीला उठावं लागत नाही. दुपारी त्यांना कामच नसतं. विधुर असला तर बायको फोटोत हसत असते आणि दर दहा मिनिटांनी तोच फोटो दाखवतात, म्हणजे दुसरीकडे वळायला तिची परवानगी मिळाल्यासारखं होतं. आणि एक तरी कुत्रं असतं. शांतीबाईचा सगळ्यात जास्त राग त्या कुत्र्यावर. "मानसाले मानूस भेटवाले कुत्रं लागते का?" असं ती विचारायची.

सगळ्यात जास्त तुच्छतेनं ती बोलायची ती त्यातल्या धाडसाबद्दल. साठीतली बाई दुसरं लग्न करायचं म्हणते आणि तिच्या घरात जणू वीज पडते, मग भाषण होतं, मग सगळे सुधारतात. "जसं का ह्यायनंच शोधून काढलं," शांतीबाई म्हणायची. "मायी मोठी आजी चाळीस पार झाल्यावर रांडाव झाली. वरीसभरानं पाट लावला. एक लुगडं, पाच मानसं, सांजी जेवन. दुसऱ्या दिवशी दोघंही धानाच्या रोवन्यावर गेले. तिच्यावर कोनी पिक्चर नाही काढला."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्याकडे जुन्या काळी सर्रास लागायचे. पुढे लोक शिकले, घरांवर स्लॅब पडले, आणि पाट ही लाजेची गोष्ट झाली.

पावसाळा गेला, धान कापून झालं, आणि तोवर गावानं या दोघांचा वेगळाच पिक्चर तयार केला होता. दुपारी दोघं खिदळतात, याच्यापलीकडे कोणाकडे पुरावा नव्हता. पण दोन म्हातारी माणसं रडत बसली तर गाव चहा आणून देतं, हसायला लागली की गावाचं डोकं फिरतं. शांतीबाईचा दीर दुलीचंद यानं नागपूरला फोन लावला. राहुल पुढच्याच रविवारी गाडी घेऊन हजर.

"आई, थंडीत तुझे गुडघे दुखतात. चार महिने आमच्याकडे चल."

"माये गुडघे बारा महिने दुखतात."

"तरी पण चल. डिंपलही म्हणत होती."

राहुल तिच्याकडे न पाहता बोलत होता. शांतीबाईनं खरं कारण ओळखलं. तरी गेली. का गेली म्हणून मी नंतर विचारलं, तर म्हणाली, पोरगं किती लबाड झालं ते पाहाचं होतं. गाय देवचंदकडे बांधून गेली.

नागपुरात सहाव्या मजल्यावर तिनं महिना काढला. तिथं करायला काही नव्हतं. मग एका रविवारी दुपारी डिंपलनं पाच-सहा मैत्रिणी बोलावल्या. भिंतीएवढ्या टीव्हीवर पिक्चर लागला. वृद्धाश्रमात राहणारे दोघं, एक माळीकाम करणारा, एक गाणं शिकवणारी. शेवटी बाईचा मुलगा परदेशातून येतो, आधी चिडतो, मग स्वतःच आईचा हात त्या माळ्याच्या हातात देतो. मैत्रिणी हुंदके देऊन रडल्या. राहुल मागे दारात उभा होता. त्यानंही चष्मा काढून डोळे पुसले.

डिंपल कौतुकानं म्हणाली, "मेरी सासूमाँ को ये पिक्चरें बहुत पसंद हैं."

एका मैत्रिणीनं शांतीबाईचा हात हातात घेतला. "काकू, किती छान ना? असं खऱ्या आयुष्यात व्हायला पाहिजे ना हो?"

"होते ना," शांतीबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"मायं होऊन राहिलं होतं. म्हनून तर मले इथं आनून ठेवलं."

त्या बाईनं हात सोडला. एकीला मुलाचा क्लास आठवला, दुसरीला स्वयंपाक. दहा मिनिटांत घर रिकामं झालं. मघाशी ज्या बाया परक्या म्हातारीसाठी रडत होत्या, त्यांनी जाताना समोरच्या म्हातारीला नमस्कारही केला नाही.

राहुल लाल झाला होता. "आई, चारचौघांत काय बोललीस?"

"त्या पोरानं आईचा हात म्हाताऱ्याच्या हातात देला, तवा तू रडत होतास. म्या पायलं."

"तो सिनेमा आहे, आई."

"सिनेमा हाये हे ठाऊक होतं, तर रडलास कायले?"

राहुलनं आवाज चढवला. तो म्हणाला, गावात आमची काही इज्जत आहे, दुलीचंद काका काय म्हणतात ते तुला माहीत नाही, आणि देवचंदसारख्या माणसानं... एवढं बोलून थांबला. देवचंदसारख्या म्हणजे कशा, ते त्याला सांगता येईना. देवचंद त्यांच्याच जातीचा होता, दारू पीत नव्हता, कोणाचं वाईट केलेलं नव्हतं. शोधूनही काही सापडलं नाही. शांतीबाई सांगते, मले त्याचा राग नाही आला बाबू, मले शिसारी आली. आठ-दहा वर्सं डोक्यावरून गवताचे भारे वाहून म्या हे शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली. राहुल लवकर ऑफिसला निघून गेला होता. बस स्टँडवर डिंपल सोबत आली. साकोलीची गाडी लागल्यावर म्हणाली, "मम्मी, मुझे सच में नहीं पता था. इन्होंने बोला था आपके घुटनों के लिए बुला रहे हैं."

"आता पता झालं ना?"

"हाँ."

"आता का करशील?"

डिंपलनं पिशवी तिच्या हातात दिली. शांतीबाई गाडीत चढली.

इकडे देवचंदनं काय केलं होतं? पिक्चरमध्ये असता तर तलावाच्या पाळीवर एकटा बसून राहिला असता. तो गोंदियाला जाऊन दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून आला होता. एक आधी, एक पंधरा दिवसांनी. सांगायला कोणी नसल्यावर आंधळं राहणं परवडत नाही, असं त्यानं मला सांगितलं. शांतीबाई गाय परत न्यायला त्याच्या अंगणात गेली, तेव्हा तो काळा चष्मा लावून बसला होता. त्यानं चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मी पिशवी धरून मागेच उभा होतो.

"तुये समोरचे दोन दात कवा पडले?" त्यानं विचारलं.

"चार वर्सं झाले."

"मले कोनी सांगतलं नाही."

"तुमच्या तोंडावर का कमराचे फुलं उमलले हायेत? गाय वारली कावून?" म्हणजे गाय एवढी रोडावली का, असं तिला विचारायचं होतं. त्यावर त्यांचं भांडण झालं आणि दोघं बरीच खुशीत दिसली.

पण खरा घोटाळा पुढेच होता. दुसऱ्या दुपारी देवचंद सपरीत आला आणि पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी पिक्चर पाहू लागला. शांतीबाई सवयीनं सांगू लागली, तर तो म्हणाला, दिसून राहिलं मले. ती गप्प बसली. अर्धा पाऊण तास झाला. मग तिनं वळून पाहिलं, तर काळ्या चष्म्याखालून गालावर पाणी.

"पानकर, रडून राहिले का?"

"नाही."

"मंग हे का हाये?"

"औषध टाकलं होतं."

तिनं फोन उचलून आत नेला. "तुमीही तसेच निघाले," एवढंच बोलली.

आठ दिवस सपरी रिकामी राहिली. शांतीबाईनं ते मनाला फार लावून घेतलं. ज्या एका माणसाला हे सगळं लबाड आहे हे कळत होतं, तोच असला पिक्चर पाहून रडायला लागला, याची तिला चीड होती. "डोरे आले अन् अक्कल गेली," असं ती माझ्याकडे येऊन म्हणायची. गावात दुलीचंद खूश झाला. मिटलं म्हणायचा.

नवव्या दिवशी मी तिच्या आधारची झेरॉक्स द्यायला गेलो होतो, तेव्हा देवचंद आला. खाटेवर बसला नाही. खांबाला धरून उभा राहिला.

"तो मानूस उभ्यानं जेवत होता," तो म्हणाला.

"कोनता मानूस?"

"पिक्चरमधला. ओट्याजवर उभा राहून पाव खात होता. ताट नाही घेतलं त्यानं."

"मंग?"

"एकट्या मानसाले ताट घ्याचा कंटारा येते. भात गंजातच कालवतो मी. नऊ वर्सं झाले. तेवढं त्यायनं खरं दाखवलं. बाकी सारं लबाडच हाये. कुत्रंही लबाड."

शांतीबाई आत गेली आणि आतूनच म्हणाली, "बसा. भात टाकला हाये." तिनं दोन ताटं घेतली. माझ्याकडे पाहून म्हणाली, तू घरी जाऊन जेव. पण मी निघायच्या आत तिनं विचारलंच, वांग्याची भाजी वाढता वाढता.

"पाट लावाचा का?"

देवचंदनं घास ताटात ठेवला. "मायी पोरगी नाही म्हनन."

"माया पोरगाही नाही म्हनते. मी त्यायले इचारूनच नाही राहिली."

"लोक हासतील."

"हासू द्या. त्यायच्याजवर दुसरा धंदा नाही."

वैशाखात पाट लागला. सकाळी नऊ वाजता, मारुतीच्या देवळासमोर. देवचंदची मुलगी लाखांदूरहून आली, बापाशी बोलली नाही, पण जेवून गेली. दुलीचंदनं त्या दिवशी मुद्दाम शेतात काम काढलं. राहुलला कळवलं होतं, त्याचा फोन आला नाही. डिंपलचा आला. तिला फोटो पाहिजे होता. "मम्मी, मैं डालूँगी तो बहुत लोगों को अच्छा लगेगा."

"ज्यायले अच्छं लागाचं हाये त्यायले म्हना, आपल्या घरच्या म्हाताऱ्याले इचारा," शांतीबाई म्हणाली आणि फोटो पाठवला नाही.

देवचंद खाट आणि भात शिजवायचे दोन गंज घेऊन तिच्या घरी राहायला आला. राशन कार्डावर नाव चढवायला मीच दोघांना घेऊन गेलो. खिडकीतल्या बाबूनं अर्ज वाचला, दोघांकडे पाहिलं, शेजारच्या बाबूला कोपरानं ढोसलं आणि हसत म्हणाला, "वाह, इस उमर में? बिलकुल पिक्चर जैसा."

शांतीबाईनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर मी फक्त तिच्या सपरीत, पिक्चरमध्ये कुत्रं धावत येतं त्या जागी पाहिली आहे. "शिक्का मार," ती म्हणाली. त्यानं मारला.

दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, राहुल आला, एकटाच. मंडईच्या गर्दीत त्याला वाटलं असेल की कोणाचं लक्ष जाणार नाही. दुपारी घरी आला. देवचंदनं पाण्याचा तांब्या दिला. राहुलनं घेतला. 'काका' म्हणावं की काय म्हणावं ते त्याला कळेना, म्हणून काहीच म्हणाला नाही. जेवण झाल्यावर हात धुताना त्यानं आईला हळूच विचारलं, "आई, तू सुखी आहेस ना?"

"हे कोनत्या पिक्चरमधलं हाये?" शांतीबाईनं विचारलं. ती हात पुसत त्याच्याजवळ गेली. "माफ नाही केलं म्या तुले. पन तुह्यासाठी नव्या धानाचे तांदूर काहाडून ठेवले हायेत. देवचंदनं पाखडले. जाताना घेऊन जा."

राहुलनं तांदळाचं पोतं उचलायला घेतलं. देवचंद दुसऱ्या बाजूनं धरायला उठला आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून मोठ्यानं कण्हला. दोघांनी ते गाडीत ठेवलं. डिक्की बंद करताना राहुल म्हणाला, "पुढच्या वेळी डिंपलला आणतो." देवचंद म्हणाला, "आना. पन येन्याच्या आदी फोन करा, भाजी आनावं लागते." राहुलनं मान डोलावली आणि गाडी सुरू केली.